मोहर्लीतली अठरा सेंटिमीटरची पट्टी

आज मंगळवार, ताडोबाचं मोहर्ली गेट बंद. एरवी सकाळच्या या वेळी पहिल्या फेरीच्या जिप्सी धुळीनं माखून परतीला लागलेल्या असतात. आज त्या रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या आहेत, एकीच्या मागच्या सीटवर गावातलं कुत्रं पाय पसरून झोपलंय, आणि चालक-गाइड मंडळी टपरीवर चहा पीत कालच्या वाघिणीची उजळणी करतायत. उद्या संक्रांत. जानेवारी २०२६ची थंडी ऊन वर आलं तरी हटायला तयार नाही. मी उतरलोय त्या होमस्टेच्या मागच्या पडवीत तीळ भाजले जातायत. पुढच्या पडवीत प्लास्टिकच्या टेबलावर दोन निळे अमेरिकी पासपोर्ट उघडे पडलेत. पानं वाऱ्यानं मिटू नयेत म्हणून यजमानानं एकावर तर्रीचा चमचा ठेवलाय. पासपोर्टची मालकीण तो हळूच उचलते, कागदी रुमालानं पान पुसते आणि काही न बोलता चमचा बशीत ठेवते.

यजमान मोबाइल उंच धरून पडवीच्या कोपऱ्यात उभा आहे. घरात नेटवर्क मिळतं ते तेवढ्याच कोपऱ्यात. त्याचा ‘सी फॉर्म’ अडलाय. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची, हा नियम पंचतारांकित हॉटेलाला आहे तसा मोहर्लीतल्या तीन खोल्यांच्या होमस्टेलाही आहे. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पोलिस अधीक्षकांकडे असतं, म्हणजे इथला कागद चंद्रपूरला जातो. १९४६चा परदेशी नागरिक कायदा गेला आणि १ सप्टेंबर २०२५पासून नवा इमिग्रेशन कायदा आला, पण गेटवर सगळे अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. पाहुणे काल संध्याकाळी आलेत. आज संध्याकाळपर्यंत फॉर्म गेला पाहिजे.

“फोटो मोठा होते म्हणते,” यजमान वैतागून सांगतो. “आता माणूसच मोठा आहे तं फोटो का लहान निघंल जी?”

अमेरिकन गृहस्थ खरोखरच सहा फुटांच्या वर आहे. त्याला वाक्य कळलेलं नाही, पण सगळे हसले म्हणून तोही हसतो.

फोटो लहान करायचं काम यजमानाची मुलगी करते. ती चंद्रपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सणासाठी घरी आलीय. ती एकेक रकाना मोठ्यानं वाचते. पासपोर्ट क्रमांक. व्हिसा क्रमांक, ई-टूरिस्ट, पाच वर्षांचा. भारतात आल्याची तारीख, नोव्हेंबर अखेर. भारतात येण्याआधी कुठे होतात? अल्बानिया. यजमान माझ्याकडे बघतो. मी मान डोलावतो, आहे असा देश. इथून पुढे कुठे जाणार?

“लिस्बन,” नवरा सांगतो. “एक फेब्रुवारीला पोहोचू.”

“पोहोचू,” बायको म्हणते, “पण राहू किती दिवस?”

फॉर्म इथे थांबतो. हा प्रश्न दोघांमध्ये बरेच दिवस भिजत पडलेला असणार, कारण नवरा लगेच खुर्ची मागे सरकवतो आणि बायको पर्समधून छोटी वही काढते.

दोघं निवृत्त आहेत. अमेरिकेतलं घर भाड्यानं दिलंय आणि त्या भाड्यावर, पेन्शनवर ती दोघं वर्षभर युरोपच्या आसपास राहतायत. स्थायिक व्हायचं नाहीये. पोर्तुगालचा डी-७ नावाचा निवासाचा व्हिसा त्यांना सुचवणारे बरेच भेटले, पण त्यात उत्पन्नाचे कागद, तिथलं बँक खातं, वर्षभराचा भाडेकरार आला. एवढं बांधून घ्यायची नवऱ्याची तयारी नाही. मग उरतो तो बिनव्हिशाचा मुक्काम. अमेरिकी पासपोर्टवर शेंगेन क्षेत्रात व्हिसा लागत नाही, फक्त कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही.

ही अट एका देशापुरती असती तर सोपं होतं. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या, मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावी पाच देशांनी सीमेवरची तपासणी उठवायचा करार केला, मार्च १९९५पासून तो अमलात आला, आणि वाढत वाढत आज त्यात २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३मध्ये आला, बल्गेरिया आणि रोमेनिया २०२५च्या १ जानेवारीपासून पूर्णपणे. या २९ देशांचे मिळून ९० दिवस. पोर्तुगालमध्ये पन्नास दिवस काढले आणि मग इटलीत गेलं, तर इटलीत पाटी कोरी होत नाही.

“म्हणजे आमच्या महाराजगुड्यासारखं,” असं म्हणत यजमानाचा साळा पहिल्यांदाच बोलतो. तो जिवती तालुक्यातला, सणासाठी बहिणीकडे आलाय आणि एवढा वेळ दाराला टेकून पोहे खात होता. महाराजगुड्यात एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आहेत आणि स्वयंपाकघर तेलंगणात, ही बातमी तीन वर्षांपूर्वी देशभर गाजली होती. त्या भागातल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं आहेत, मतदार याद्यांत दोन्हीकडे नावं आहेत, आणि जुलै २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही गावं आपल्यात घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. “घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जायले कोण पुसते?” साळा म्हणतो. “पण पाहुणा किती राती राह्यला, हे तं अख्ख्या घराचं मोजाव लागंल ना.”

मुलगी हे इंग्रजीत सांगते. शेंगेनचा नियम मी बऱ्याच ठिकाणी वाचलाय, पण इतक्या थोडक्यात तो मला कुणी सांगितला नव्हता.

आता पासपोर्टवरचे शिक्के बघायला सगळी डोकी टेबलावर वाकतात. शेंगेनचा शिक्का छोटासा, चौकटीचा. वरच्या कोपऱ्यात देशाचं अक्षर, तारीख मधोमध, दुसऱ्या एका कोपऱ्यात विमान, जहाज किंवा मोटारीचं चिमुकलं चित्र. आत येतानाच्या चौकटीचे कोपरे टोकदार, बाहेर जातानाच्या चौकटीचे गोल. लिस्बनला आत, २० मे २०२५. लिस्बनहून बाहेर, ८ जुलै. तिथून ही मंडळी इंग्लंडला गेली, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि तिथे अमेरिकनांना सहा महिने राहता येतं. मग रोमला आत, १ ऑक्टोबर. शेवटचा शिक्का बारीचा, इटलीच्या टाचेकडच्या बंदराचा. त्याच्या कोपऱ्यात जहाज आहे, आणि शाई इतकी फिकी की तारीख ९ आहे की ४, हे उन्हात धरून बघावं लागतं.

“नऊ,” बायको ठामपणे सांगते. “नऊ नोव्हेंबर. रात्रीच्या बोटीचं तिकीट माझ्याकडे आहे.” ती ते काढूनही दाखवते. बारीहून समुद्र ओलांडला की अल्बानियाचं दुर्रेस, आणि अल्बानियात अमेरिकनांना बिनव्हिशाचं वर्षभर राहता येतं. शेंगेनचे दिवस संपले की अल्बानिया, जॉर्जिया, ब्रिटन, आयर्लंड असं फिरत राहायचं आणि दिवस मोकळे झाले की परत आत जायचं, असं जगणारी बरीच माणसं आता युरोपभर आहेत. ही दोघं त्यातलीच. फक्त यंदा त्यांनी अल्बानियानंतर भारत निवडला, वाघ बघायचा म्हणून. भारतात त्यांना घाई नाही. अमेरिकनांना ई-टूरिस्ट व्हिशावर एका फेरीत १८० दिवसांपर्यंत राहता येतं.

‘वाघाला कुठला व्हिसा लागतो?’ हे वाक्य टपरीवरच्या एका गाइडनं सकाळीच टाकलंय. ताडोबात हे प्रत्येक परदेशी पाहुण्याला एकदा तरी ऐकावं लागतं. पाहुणे हसतात. मला आताशा हसू येत नाही. इथल्या वाघांनी हद्द ओलांडली की पुढे शेत लागतं, रस्ता लागतो, विजेची तार लागते, हे त्या गाइडला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नवऱ्याचा हिशेब सरळ आहे. नोव्हेंबरमध्ये बाहेर पडलो, आता फेब्रुवारी येतोय, तीन महिने होत आले. म्हणजे नव्यानं ९० दिवस सुरू. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. दक्षिण पोर्तुगालात फेब्रुवारीत बदाम फुलतात, ते त्याला सुरुवातीपासून बघायचेत. एक मे रोजी बाहेर पडू.

बायकोचा हिशेब वहीत आहे आणि तिथे सारखी खाडाखोड झालीय. तिला एवढं कळलंय की ९० दिवस बाहेर काढले की खातं आपोआप कोरं होतं, असा काही नियम नाही. पूर्वी थोडं तसं होतं. पहिल्यांदा आत आल्यापासून सहा महिने धरायचे. १८ ऑक्टोबर २०१३पासून पद्धत बदलली. आता मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून बघायचं, तो दिवस धरून मागचे १८० दिवस घ्यायचे, आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. आत आल्याचा दिवस धरायचा, बाहेर गेल्याचाही धरायचा. रोज खिडकी एक दिवसानं पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी तीच बेरीज पुन्हा.

“हे तं रोजच पेपर देणं झालं,” यजमान म्हणतो.

भिंतीवर कालनिर्णय आहे. नव्याच्या मागे जुनाही तसाच लटकतोय. यजमान तो काढून टेबलावर पसरतो आणि बोलपेननं खुणा करायला बघतो. पण मे महिना एका पानावर, ऑक्टोबर दुसऱ्या, मागच्या बाजूला राशिभविष्य आणि पाककृती. पानं उलटताना दोनदा आकडा चुकतो. मुलगी काहीच न बोलता आत जाते आणि प्रॅक्टिकलच्या वहीतले आलेखाचे दोन कागद फाडून आणते.

ती जे करते ते मी इथे सविस्तर लिहितोय, कारण असा हिशेब कुणाच्याही घरी होऊ शकतो.

आलेखाच्या कागदावर एक मिलिमीटरचे चौकोन असतात. ती दोन कागद चिकटपट्टीनं आडवे जोडते आणि एक लांब रेघ मारते. एक मिलिमीटर म्हणजे एक दिवस. रेघेची सुरुवात २० मे २०२५. महिना संपेल तिथे उभी खूण करते आणि वर महिन्याचं नाव लिहिते. मग शिक्के बघून रेघ रंगवते. २० मे ते ८ जुलै, पन्नास दिवस, बरोबर पाच सेंटिमीटर निळं. त्यापुढे कोरं. १ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर, चाळीस दिवस, चार सेंटिमीटर निळं. त्यापुढे पुन्हा कोरं.

“बघा,” ती इंग्रजीत म्हणते, “तुमचे ९० पूर्ण भरले होते. नऊ नोव्हेंबरला तुम्ही गेलात ते बरं झालं.”

नवरा बायकोकडे बघतो. बोटीचं तिकीट त्यानं काढलं होतं की तिनं, हे त्या बघण्यातून कळतं.

मग मुलगी उरलेल्या कागदातून एक पट्टी कापते. अठरा सेंटिमीटर लांब. म्हणजे १८० दिवस. पट्टीचं उजवं टोक ‘आज’. हे टोक ज्या दिवसावर ठेवाल त्याच्या मागे पट्टी जेवढं झाकते तेवढंच मोजायचं, आणि पट्टीखाली नऊ सेंटिमीटरपेक्षा जास्त निळं कधीही येता कामा नये. एवढाच काय तो नियम. यजमान, साळा, दोघं अमेरिकन आणि मी, सगळे त्या कागदाच्या तुकड्याकडे बघतोय.

ती पट्टीचं उजवं टोक १ फेब्रुवारीवर आणते. पट्टी ६ ऑगस्टपर्यंत मागे जाते. उन्हाळ्यातलं पाच सेंटिमीटर निळं बाहेर राहिलंय, त्याची कटकट संपली. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चार सेंटिमीटर निळं पट्टीखाली आहे. नवातून चार गेले, पाच राहिले. एक फेब्रुवारीपासून पन्नास दिवस ती पेन्सिलनं रंगवते आणि थांबते. “बावीस मार्च.”

“मे नाही?”

“नाही. तेवीस मार्चला एक्क्याण्णव होतात.”

नवरा चष्मा काढतो. त्याचे सव्वा महिन्याहून जास्त दिवस या आलेखाच्या कागदात गेलेत. बायको मात्र पट्टीकडेच बघत असते. तिला काहीतरी दिसलंय. ती पट्टी स्वतःच्या हातात घेते, हळूहळू उजवीकडे सरकवते. तीस मार्चला पट्टीच्या डाव्या टोकातून ऑक्टोबरचं निळं बाहेर पडायला लागतं. एक दिवस पुढे गेलं की एक जुना दिवस बाहेर. म्हणजे बावीस मार्चला पैसे संपतात आणि तीस मार्चपासून रोज एक रुपया परत मिळायला लागतो. मधे अडचण आहे ती फक्त सात दिवसांची.

“सात दिवस उशिरा गेलो तर?” ती विचारते.

मुलगी पेन्सिलीचं खोडते आणि ८ फेब्रुवारीपासून नव्यानं रंगवायला लागते. एकोणतीस मार्चला पट्टीखाली जुने चाळीस आणि नवे पन्नास, नऊ सेंटिमीटर भरलं. तीस मार्चला नवा एक आला, जुना एक गेला. तरी नव्वदच. एकतीस मार्च, नव्वदच. असं करत करत ती पूर्ण एप्रिल ओलांडते. ८ मे. जुनं निळं सगळं बाहेर, आणि ८ फेब्रुवारी ते ८ मे, मोजून नव्वद दिवस.

पडवीत क्षणभर कुणीच बोलत नाही. सात दिवस थांबलं तर चाळीस दिवस जास्त. मी स्वतः मोबाइलवर पुन्हा मोजून बघतो. बरोबर आहे.

मुलगी कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिते: ८/२.

“दोन ऑगस्ट?” नवरा दचकून विचारतो.

त्यांच्याकडे महिना आधी लिहितात. यजमानाला हे ठाऊक आहे, सी फॉर्म भरताना त्यानं यापायी एकदा मार खाल्लाय. तो मुलीच्या हातातून पेन घेतो आणि ‘८ फेब्रु.’ असं देवनागरीत लिहितो, मग खाली इंग्रजीत.

आता प्रश्न उरतो त्या सात दिवसांचं काय करायचं हा, आणि त्यावर मात्र पडवीतल्या प्रत्येकाकडे उत्तर आहे. साळा म्हणतो जिवतीला या, माणिकगडचा किल्ला दाखवतो. यजमान म्हणतो गडचिरोलीत उतरा, आलापल्लीचं वनवैभव बघा, तसे साग आता कुठे नाहीत. कमलापूरला सरकारी हत्ती आहेत. बायकोला हेमलकसा बघायचंय. १९७३मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाबद्दल तिनं वाचलंय आणि तिथे आठवडाभर हाताखाली काम करता आलं तर करावं, असं तिला वाटतं. मी एवढंच सांगतो की प्रकल्पाला आधी कळवल्याशिवाय निघू नका, तिथेही तुमचा हाच फॉर्म भरावा लागणार, आणि ई-टूरिस्ट व्हिशावर बिनपगारी स्वयंसेवा चालते ती जास्तीत जास्त महिनाभर. या भागाला परदेशी स्वयंसेवक नवे नाहीत. वरोऱ्याला आनंदवनात पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलच्या परदेशी मंडळींनी घमेली उचलून दवाखान्याच्या भिंती उभ्या केल्यात.

बायकोनं डोक्यावर चढवलेली लोकरी टोपी चंद्रपुरातली आहे, काल तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेली. ही मंडळी थंडीत विदर्भातल्या गावागावांत स्वेटर घेऊन बसतात. गडचिरोलीला लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला त्यांची वसाहत आहे, सत्तरच्या दशकापासून. तिथे जन्मलेली, झाडीबोली बोलणारी, धानाचे भाव तोंडपाठ असलेली तिबेटी माणसं आजही परदेशी म्हणून नोंदणी प्रमाणपत्र बाळगतात आणि मुदत संपली की नवं करून घेतात. मी हे बायकोला सांगतो. ती टोपी काढून हातात घेते आणि विचारते, “मग त्यांनी कुठे परत जायचं?” माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी द्यायला जातही नाही.

फाटकाशी एक बाई येऊन उभी राहते. यजमानाच्या शेतात धान कापायला होती, मजुरीचे राहिलेले पैसे घ्यायला आलीय. संक्रांत झाली की तिची टोळी तेलंगणात मिरची तोडायला निघते, खम्ममकडे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून दर वर्षी अशी माणसं भरून गाड्या जातात. कधी येणार, असं यजमानीण आतून विचारते. “मिरची सरली की येतो बाई, शिमग्याच्या आंगंमागं,” ती सांगते, नोटा मोजून कमरेला खोचते आणि जाते. तिच्या मुक्कामाचा कुठे फॉर्म नाही. तिकडे काही झालं तर शोधायचं कुठे, याचाही नाही.

यजमान आत जाऊन स्वतःचा पासपोर्ट घेऊन येतो. गडद निळा, कोरा. चार वर्षांपूर्वी काढलेला; एकही शिक्का नाही. पुतण्या जर्मनीत शिकतो, त्याच्याकडे जायचं म्हणून काढला होता. “मले किती दिवस देतात जी?” तो मला विचारतो.

तेवढेच देतात. नियम तोच, ९० आणि १८०. फरक आधीचा आहे. या दोघांनी विमानात बसायचं, तुम्ही आधी अर्ज करायचा. अर्जाची फी ९० युरो, ती नाकारलं तरी परत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, बँकेचे कागद, पुतण्याचं निमंत्रण, बोटांचे ठसे. व्हिसा मिळाला तरी त्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात: कधीपासून कधीपर्यंत तो वापरता येईल, आणि एकूण किती दिवस राहता येईल. आपल्याकडचे आई-वडील पहिल्या तारखा बघतात आणि दुसरा आकडा बघत नाहीत. एप्रिल २०२४पासून भारतीयांसाठी थोडं सैल झालंय: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. पण पाच वर्षांच्या व्हिशावरही मुक्काम ९० दिवसांचाच, त्याच सरकत्या पट्टीतला.

“म्हणजे यायले न इच्यारता, आमाले इच्यारून. पण मोजणं दोघाचंही सारखंच,” यजमान म्हणतो. त्याला त्यात तक्रार दिसत नाही, मला दिसते.

नवरा अजून पूर्ण पटलेला नाही. बारीचा शिक्का इतका फिका आहे, तर कोण एवढं मोजणार, असं तो म्हणतो. हे इतके दिवस बऱ्याच जणांचं चालून गेलंय, हे खरं. पण १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंद यंत्रणा सुरू झालीय. बाहेरच्या देशांतून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचा चेहरा आणि बोटांचे ठसे घेतले जातात, आत-बाहेरच्या तारखा संगणकात जातात, दिवसांची बेरीज यंत्र करतं. टप्प्याटप्प्यानं ती सगळ्या सीमांवर पसरतेय आणि १० एप्रिल २०२६पासून शिक्क्यांची जागा पूर्णपणे घेणार आहे. म्हणजे ही दोघं लिस्बनला आत जातील ती शिक्क्याच्या जमान्यात आणि बाहेर पडतील ती यंत्राच्या. यानंतर अमेरिकनांना आधी ऑनलाइन परवानगीही घ्यावी लागणार आहे, २० युरो भरून. ते मात्र अजून सुरू झालेलं नाही. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दंड होतो, पुन्हा प्रवेशबंदीही होऊ शकते, आणि किती, ते देशागणिक बदलतं. पोलंडसारख्या देशाशी अमेरिकेचे जुने वेगळे करार आहेत, त्यात जास्तीचे दिवस मिळू शकतात, पण ते त्या देशाच्या सीमा पोलिसांकडून लेखी घेतल्याशिवाय कुणी भरवसा ठेवू नये.

हे सगळं मी सांगत असताना बायको नेटवर्कच्या त्या कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर तिकीट बदलत असते. तारीख बदलण्याची फी बघून ती भुवया उंचावते, मग नवऱ्याला दाखवते. चाळीस दिवसांच्या मानानं ती फी काहीच नाही, हे त्याला मान्य करावं लागतं. बदाम फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातही फुललेले असतात, असं ती त्याला ऐकवते.

मुलगी सी फॉर्मकडे वळते. पुढचं ठिकाण: आधीचं ‘लिस्बन’ खोडून ती ‘हेमलकसा, जिल्हा गडचिरोली’ भरते, लहान केलेला फोटो चढवते, आणि मोबाइल बापाच्या हातात देते. तो कोपऱ्यात जाऊन हात उंच करतो. दुपारी साडेबारा वाजता फॉर्म जातो. आतून ताटल्या येतात, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तिळाचे दोन लाडू. पट्टी बायकोनं मागून घेतलीय, वहीत ठेवायला.

ज्या वाचकांची मुलं जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, फ्रान्समध्ये आहेत आणि यंदा नातवंडाच्या बारशाला किंवा सुनेच्या बाळंतपणाला ज्यांना जायचंय, त्यांना एवढंच सांगणं: तिकीट काढायच्या आधी गेल्या वेळच्या आत-बाहेरच्या तारखा एका कागदावर लिहून काढा, आणि परतीची तारीख पुढे मोजून ठरवू नका, त्या तारखेपासून १८० दिवस मागे मोजून ठरवा. आलेखाचा कागद नसेल तर युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर हाच हिशेब करून देणारा कॅल्क्युलेटर फुकट आहे; त्यात तारखा भरताना दिवस आधी, महिना नंतर.